उल्हासनगरला आम्ही कुत्री बघायला गेलो

…नाही हो, कुत्रं आणायला माझी ना नव्हतीच, पण चिखलोलीतल्या टू बीएचकेत, सातव्या मजल्यावर, ते दिवसभर राहणार कोणाबरोबर, हे तरी कोणी विचारायचं की नाही? राजस, म्हणजे माझा नवरा, सकाळीच ऑफिसला, सासूबाई योगावर्गाला, सासरे कट्ट्यावर. उरले कोण? मी. घरून काम करते, कानाला हेडफोन, पलीकडे चिडलेला कस्टमर, त्यात कुत्रं भुंकलं की नोकरी माझी जाणार. पण मी काही बोलले नाही. लग्नाला जेमतेम सहा महिने, आणि तुम्हाला सांगते, स्वभावच तसा.

राजस म्हणे, "पग घेऊ, क्यूट असतो यार." अरे, त्याला एरवीच धड श्वास घेता येत नाही, आपल्याकडचा मे महिना तो त्या चपट्या नाकातून कसा काढणार? सासूबाई म्हणे, "पॉमेरेनियनच. आमच्या माहेरचा पोस्टमनला पायरी चढू द्यायचा नाही." आणि हे कौतुकाने! इथे लिफ्ट वाजली तरी भुंकणार तो. सासरे फॅक्टरीतले रिटायर्ड ऑफिसर, ते म्हणाले, "प्रत्यक्ष पाहूनच ठरवू. फोटोत सगळेच गोरे दिसतात." माझ्याकडे बघून नाही म्हणाले, पण… जाऊ दे. मी काही बोलले नाही.

रविवारी उल्हासनगरला गेलो, एक सिंधी आंटी घरीच पिल्लं ठेवतात, त्यांच्याकडे. सासूबाई सिल्कच्या साडीत, हातात पेढे. "पहिल्यांदा जातोय, रिकाम्या हाताने कसं जायचं?" चौघं सोफ्यावर ओळीने बसलो, आंटीने शिट्झू जातीचं एक पांढरं-तपकिरी, लांब केसांचं पिल्लू, मादी, आणून समोर ठेवलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला… हा कार्यक्रम मी पाहिलाय. फक्त तेव्हा मी सोफ्यावर नव्हते, पोह्यांचा ट्रे घेऊन समोर होते.

"जरा चालून दाखवू दे," सासूबाई. "केस गळतात का?"

"मूळ कुठलं?" सासरे.

"तिबेट का है, भाईसाब."

"लांबचं स्थळ आहे," सासरे सासूबाईंच्या कानात.

"स्वभावाला?"

"एकदम शांत, भाभीजी. घर में है, पता ही नहीं चलता."

सासूबाईंचं तोंड उतरलं. "फारच गप्प दिसते हो. अशांच्या मनात काय चाललंय, कळत नाही." आणि मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं नाही, इतकं जपून पाहिलं नाही की काय सांगू. मी काही बोलले नाही.

आतल्या खोलीत पॉमेरेनियन अखंड भुंकतोय, सोफ्याखाली पग घोरतोय, ही बिचारी फरशीवर बसून राजसचा मोजा निरखतेय, आणि सासरे उठले. "विचार करून कळवतो."

हे "कळवतो" ज्याने ऐकलंय त्यालाच ठाऊक. माझ्या वेळी कळवतो म्हणाले आणि मी महिनाभर फोनकडे बघत बसले होते. तर माझ्याच तोंडून निघून गेलं, "कळवायचं काय त्यात? हीच घ्यायची. दिवसभर तिच्याबरोबर मी असणार, केस मी विंचरणार. मला पसंत आहे."

आतला पॉमेरेनियनसुद्धा भुंकायचा थांबला.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "मग आधी नाही का सांगायचं? तू ही अशी गप्प, म्हटलं घरात तुझ्या सोबतीला काहीतरी बोलकं असावं, म्हणून मी पॉमेरेनियन म्हणत होते."

घ्या! सुटले बाई.

आता ती माझ्या खुर्चीखाली झोपते, कस्टमर चिडला तरी कूस बदलत नाही, नोकरी शाबूत. आणि घरात माझ्या शब्दाला केवढा मान! खाली शी केली नाही तर ती वर देवघरासमोरच्या चटईवर करते, म्हणून सकाळी तिला फिरवून आणलं की तिघं चहाचे कप घेऊन दारात उभे. मी बोलल्याशिवाय कोणी घोट घेत नाही. सासरेसुद्धा नाही.

रोज एकच शब्द बोलते मी. "झाली."