सहावा फॉर्मा दोनदा

नाही, थांबा ताई — तो डबा तिथंच राहू द्या, आणि आत्ता काय म्हणालात ते पुन्हा एकदा म्हणा. तसंच्या तसं म्हणा, शब्द बदलू नका; चाळीस वर्षं मी माणसांकडून कथा ऐकून लिहून घेतल्या आहेत, दुसऱ्यांदा सांगताना माणूस नेमका कुठला शब्द बदलतो यावरून मला बरंच काही कळतं. — हं. "सहावा फॉर्मा दोनदा लागलाय आणि सातवा नाहीच, मग मधलं तुम्ही कसं जुळवून घेतलंत, काका?" असंच म्हणालात. एक 'हो' तेवढा गाळलात, तो चालेल. फॉर्मा म्हणजे काय हे मला सांगू नका — सोळा पानांची घडी, माझी स्वतःची सात पुस्तकं अशाच घड्या शिवून तयार झाली आहेत. म्हणजे शहाण्णव पानानंतर पुन्हा एक्याऐंशी येतं, पुन्हा शहाण्णवपर्यंत तेच ते, आणि मग एकदम एकशे तेरा. आणि तुम्ही वाचायला दिलेलं असं पुस्तक मी आठवडाभर ठेवून घेतलं, आणि आज ते परत देताना तुम्हाला म्हणालो — काय म्हणालो मी? — "मधल्या भागाची वीण फार घट्ट आहे." म्हणालो. नाकारत नाही. बोललेला शब्द नाकारायचा नसतो, त्याचा अर्थ लावायचा असतो.

बसा ना. त्या खुर्चीवर नको, इकडे, माझ्या उजव्या हाताला — नाही, आणखी थोडी कडेला — हां. का म्हणजे? चारच्या सुमाराला तिथं ऊन येतं. या वयात सुखं म्हणजे एवढीच: ते ऊन, चहाच्या कपाला हात लावून बसणं, पेन्सिलीला टोक काढताना येणारा तो लाकडाचा वास, आणि — बोलायला हरकत नाही — गुरुवारी वरच्या मजल्यावरून उतरणारी तुमची पावलं. जिन्याच्या चौथ्या पायरीवर तुम्ही क्षणभर थांबता, एका हातातला डबा दुसऱ्या हातात घेता, मग पुस्तक काखेत. मी ऐकतो. आणि ऐकता ऐकता, खरं सांगू का, पहिल्या दिवसापासून मला प्रश्न पडलेला आहे की ही बाई मुळात येते कशाला? आता असं दचकू नका. लोककथेत एखादी अनोळखी बाई दारात उभी राहते आणि न मागता गोड खायला देते, तेव्हा ऐकणारं पाच वर्षांचं पोरही सावध होतं. होत नाही तो फक्त कथेतला माणूस. मी दोन्हीही आहे — मी सावध झालो, आणि खाल्लंही! पहिल्या खेपेला चॉकलेटात अक्रोड होते. दुसऱ्या खेपेला संत्र्याची साल. तिसऱ्या खेपेला वर मिठाचे कण, आणि मी म्हटलं, चुकली बिचारी, घाईत डब्याची अदलाबदल झाली — तर कळलं की ते मुद्दाम. मुद्दाम! तेव्हाच मी मनाशी नोंद केली: ही बाई जे करते ते मुद्दाम करते. मूळ संहिता एकच, पाठभेद पाच. आणि पाठभेद कधी उगाच होत नसतात, त्यांच्यामागे कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं.

मग हा फॉर्मा तरी उगाच कसा दुबार लागेल? तुम्हीच सांगा. चौदा वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात फॉर्मे लावणारी बाई — डोळे मिटून तुमचा हात ढिगावर फिरतो, हे तुम्हीच सांगितलंत ना? — त्या बाईनं आणलेल्या पुस्तकात सहावा दोनदा आणि सातवा गायब. आणि नेमकं ते पुस्तक माझ्याच हातात. मी आयुष्यभर एकच शिकलो, ताई: एकदा घडलं तर योगायोग, दोनदा घडलं तर संशय, आणि तिसऱ्यांदा घडण्याची वाट शहाण्या माणसानं बघू नये. दुसऱ्यांदा काय घडलं? ते सांगतो. मागच्या महिन्यात मी तुम्हाला एक कथासंग्रह वाचायला दिला. म्हटलं, शेवटची मासेमाराच्या बायकोची कथा वाचताना हातातलं काम बाजूला ठेवा. तुम्ही पंधरा दिवसांनी ते परत आणलंत आणि म्हणालात, "छान होतं हो काका. सगळे शब्द छान होते." सगळे शब्द! तुम्ही गेल्यावर मी पुस्तक हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं — कापडी पाठ, वर दोन आडवे उंचवटे. कथासंग्रहाला कापड नाही. तो बोलींचा शब्दसंग्रह होता, आठशे पानं, त्यात ना मासेमारी ना बायको. साफसफाईवाल्या बाईंनी दुसऱ्या कप्प्यातली पुस्तकं तिसऱ्यात सरकवली होती आणि मी माझ्या हिशेबानं डावीकडून नववं काढून तुमच्या हातात दिलं. तुम्ही ओळखलंत. ओळखलंत आणि बोलला नाहीत. का बोलला नाहीत? — काय? वाचलात? आख्खा? — 'ओ' पर्यंत. बरं. तो बरा आहे संग्रह, त्यातला 'अ' माझ्याच हातचा आहे, पण मुद्दा तो नाही! मला बोलण्यात गुंतवू नका.

मुद्दा असा की तुम्हाला शंका आली, आणि तुम्ही ती तपासून पाहिलीत. पद्धतशीर. तुमच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं — ज्याच्यावर संशय आहे त्याच्या हातात खोट असलेली प्रत द्यायची आणि तो काय बोलतो ते बघायचं. प्रश्न एवढाच की हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमचं स्वतःचं डोकं, की आमच्या चिरंजिवांचं? आता सांगाच. त्याचा नंबर आहे तुमच्याकडे? — आहे. फ्रिजवर लावलाय. अडीअडचणीला म्हणून. बघा! आणि फोन येतो? — दर रविवारी. दर रविवारी येतो आणि मला आज कळतंय. काय विचारतो? "बाबा कसे आहेत" एवढंच? "वाचतात का" असं नाही विचारत? — विचारतो. विचारणारच. मला ठाऊक होतं, मी त्याचा बाप आहे.

तो वाईट नाही हो. मुलगा वाईट असता तर भांडता आलं असतं; हा चांगला आहे, हीच पंचाईत. त्याची आई गेली तेव्हा त्यानं या खोलीत उभं राहून मला सांगितलं, "बाबा, तुम्हाला वाचता येतंय तोवर पुस्तकं आणि तुम्ही, दोघंही इथं. मी शब्द काढणार नाही. ज्या दिवशी वाचता येणार नाही त्या दिवशी पुस्तकं कॉलेजला आणि तुम्ही आमच्याकडे." मी हो म्हणालो. रीतसर करार आहे तो. कथांमधून असतात ना तसा — अट सोपी असते, माणूस हसत मान्य करतो, आणि कथा तिथंच सुरू होते. सूनबाईंनी खोलीही तयार ठेवली आहे. भिंतींना पिवळा रंग दिलाय, पलंगाशी बेल लावली आहे, मोठा टीव्ही आहे. पुस्तकांची फळी एकही नाही. सूनबाई प्रेमळ आहे, मला सकाळी हाताला धरून बागेत नेईल, आणि बाकावर बसवून म्हणेल, "मामंजी, बघा किती छान फुलं आली आहेत." बघा म्हणेल!

— काय म्हणालात? मुद्दाम नाही? मग? — थांबा, हळू बोला. सगळीच खराब? पाचही? म्हणजे कारखान्यात ज्या प्रती चुकतात त्या — कामगारांना घरी न्यायला देतात. बरं. आणि ते तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. कधी सांगितलं होतंत? "थोडं खराब आहे हं, चालेल ना?" — हो, हे म्हणाला होतात. मला आठवतंय, दारातच म्हणाला होतात. पण ताई, ते तर सगळेच म्हणतात! डबा पुढे करणारी कुठलीही बाई म्हणते, काही खास नाही, थोडं बिघडलंय, गोड मानून घ्या. ते बोलणं खरं धरायचं नसतं, तो शिष्टाचार असतो, त्यावर माझा एक लेखच आहे. मी "अहो, उत्तम असणार" असं उत्तरही दिलं. आणि तुम्हाला वाटलं की काकांनी ऐकलंय, काका समजून घेतात, काकांना चुकलेली पुस्तकं चालतात! पाच महिने तुम्ही एका अर्थानं बोलताय आणि मी दुसऱ्याच अर्थानं ऐकतोय. 'खराब'! शब्दकोशात त्याचे सहा अर्थ दिले आहेत, नेमका सरळ तेवढा माझ्या डोक्यात आला नाही.

मग पहिल्याचं काय खराब होतं? — कव्हर उलटं? म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला — अहो, मग मी आठ दिवस ते पुस्तक उलटं धरून खिडकीत बसलो होतो! रोज सकाळी दोन तास! समोरच्या इमारतीतले ते निवृत्त कॅशियर रोज गॅलरीत येतात, त्यांना दिसावं म्हणून मुद्दाम खिडकीत बसतो मी, दर चार मिनिटांनी पान उलटतो, अधूनमधून पेन्सिलीनं समासात खूण करतो — खूण कुठं उमटते कोण जाणे. तरीच ते म्हणाले, "प्रोफेसर, तुमचं वाचन आमच्याहून वेगळं असतं बुवा." मला वाटलं, कौतुक केलं.

हसा. हसा, मलाही येतंय. — नाही, तेवढं नाही येत. सात महिने झाले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आतल्या पडद्याचा मधला भाग गेला. मधलं गेलं, कडेचं राहिलं. दार दिसतं, दाराशी कोण उभं आहे ते दिसत नाही. कपाट दिसतं, त्यातलं पुस्तक दिसत नाही. तुम्हाला कडेला बसवलं ना मी, ऊन वगैरे सगळं खोटं. तिथून तुमचा एक कान आणि खांदा दिसतो. चेहरा मी पाहिलेलाच नाही तुमचा. पाच महिने ज्या बाईवर संशय घेतोय तिचा चेहरा कसा आहे, मला ठाऊक नाही. आणि तरी पाचही पुस्तकांवर मी तासतासभर बोललो, आणि तुम्ही ऐकून घेतलंत! ते कसं जमलं, विचारा ना. विचारत नाही, तरी सांगतो. मी आधी तुम्हाला बोलायला लावत होतो. "तुम्हाला कुठं थांबावंसं वाटलं?" एवढंच विचारायचं. तुम्ही म्हणायचात, धाकटी बहीण घर सोडून जाते तिथं. बस्स! बहीण घर सोडून गेली म्हणजे थोरलीनं काहीतरी लपवलंय, लपवलंय म्हणजे एक पत्र किंवा एक दागिना, आणि तो शेवटून दुसऱ्या प्रकरणात सापडणार. हजारो वर्षं माणसं त्याच सात-आठ सांध्यांवर गोष्टी रचत आली आहेत. एक सांधा हाती लागला की उरलेला सांगाडा मी उभा करतो. चार पुस्तकं अशी पार पडली. मला तर वाटायला लागलं होतं की पुस्तक वाचण्याची गरजच नाही, ही विद्या आधी सापडली असती तर डोळे तरी वाचले असते. तुमच्या दुबार फॉर्म्यानं घात केला. चांगली कथा कुठं वळेल ते मी सांगू शकतो — पण शहाण्णवनंतर पुन्हा एक्याऐंशी, हे वळण माझ्या कुठल्याच सूचीत नाही.

हे डॉक्टरांखेरीज कुणालाही ठाऊक नाही. नव्हतं. आता तुम्हाला मी स्वतःच सांगून बसलो, आणि तुम्ही तर मघाशी डोळ्यांचं काहीच विचारलं नव्हतंत — तुम्ही सरळ विचारलंत, कसं जुळवून घेतलंत. "मनानं जुळवलं" एवढं म्हणालो असतो तरी तुम्ही हसून वर गेला असतात. हे संशयी माणसाचं असं होतं बघा, समोरच्याच्या पोटातलं काढायला जातो आणि स्वतःचंच ओठावर आणून ठेवतो. — रुमाल? नको. ऊन लागतंय डोळ्यांना.

आता एवढंच सांगा. रविवार तीन दिवसांवर आला. तो फोन करील, बाबा कसे आहेत म्हणेल, आणि मग तो दुसरा प्रश्न विचारील. मी तुम्हाला खोटं बोला असं म्हणत नाही. तुमचा माझा संबंध काय, तुम्ही माझ्यासाठी खोटं का बोलावं? आणि खरं बोला असंही माझ्या तोंडून निघणार नाही, माझी तीन हजार पुस्तकं आहेत या घरात, मला ती बोटांनी ठाऊक आहेत. मी तुम्हाला विचारतोय फक्त — आधी ठाऊक असलेलं बरं, म्हणून. सांगणार आहात त्याला?

ताई?

अहो, मान हलवलीत का आत्ता? खांदा हललेला दिसला मला. मान हलवलीत ना? — उभी, की आडवी?