बिरबा होडीत बसला

मंडळी, एक विचारतो. मनात राग बसतो, तो खरंच समोरच्या माणसाचा असतो, की आपणच तो कशावर तरी झाकण म्हणून ठेवलेला असतो? घाईनं उत्तर देऊ नका. आधी ऐका.

मी लहान होतो तेव्हाची गोष्ट. कुकडीवर आमच्या गावापाशी पूल नव्हता. होडी होती — हैबती भोयाची. बाजाराला जायचं, होडी. लेक सासरी निघाली, होडी. पलीकडं पोचेपर्यंत अख्ख्या गावाची खुशाली कळायची. काय दिवस होते! आता पूल आहे. दोन मिनिटांत पलीकडं — आणि शेजारून कोण गेलं, पत्ता नाही.

त्या गावात बिरबा मासाळ घोंगड्या विणायचा. हा बिरबा चौदा वर्षं होडीत बसला नाही! पाठीवर ओझं घेऊन तीन कोस वरच्या बंधाऱ्यावरून जायचा. का? त्याची बायको साळूबाई. एका श्रावणात पोटदुखीनं कासावीस झाली. दवाखाना पलीकडं, नदीला पूर, बंधारा पाण्याखाली. बिरबानं तिला गाडीतून काठावर आणली. हैबती म्हणाला, या पाण्यात होडी उलटेल, जरा ओसरू दे. बिरबा दुसरी होडी शोधायला खालच्या वस्तीकडं धावला. परत आला तेव्हा साळूबाई गेली होती. हैबती उशाशी बसला होता.

तेव्हापासून बिरबा सांगत सुटला — हैबतीनं माझी बायको मारली. त्याच्या तोंडावर सांगायचा. आणि हैबती? खाली मान. एक अक्षर नाही.

पुढं एका पावसाळ्यात गावच्या विहारात एक म्हातारे भंतेजी वर्षावासाला राहिले. त्यांच्यासाठी बिरबाकडं घोंगडी सांगितली. तो द्यायला गेला आणि तिथंही हैबतीचं पुराण सुरू. (बुवा, कीर्तनात भंतेजी कुठले, म्हणता? अहो, तहानलेला माणूस घाट विचारतो का?) भंतेजींनी सगळं ऐकून घेतलं. क्षमा कर, असं म्हणाले नाहीत. म्हणाले, रोज सकाळी इथं येऊन बस, श्वासाकडं बघ. राग आला तर हाकलू नकोस, त्याला पाटही मांडू नकोस. तो उठून गेला, की मागं कोण उभं आहे ते बघ.

सोपं वाटतं ना? बसून बघा! महिनाभर बिरबाला गुडघेदुखीपलीकडं काही दिसलं नाही. पण विणकर माणूस, बैठक पक्की. येत राहिला. आणि भादव्यातल्या एका सकाळी राग आला, थांबला, गेला. मागं साळूबाई. पोट धरून म्हणत होती, "अहो, फार दुखतंय." आणि बिरबाला स्वतःचा आवाज ऐकू आला — "मागावरची एवढी घोंगडी उतरू दे, मग जाऊ." तीन दिवस तो हेच म्हणत होता. तोवर नदी चढली.

बिरबा रडला. भंतेजी नुसते शेजारी बसून राहिले.

तिथून उठला तो थेट घाटावर. होडीत हैबती एकटाच. बिरबा आत बसला. मध्यावर आल्यावर म्हणाला, "हैबती, ती तीन दिवस दुखतंय म्हणत होती. मीच नेली न्हाई."

हैबतीनं वल्हं थांबवलं. "मला ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"वहिनीनंच. तू खाली धावलास तवा. म्हणली, भावजी, हे त्यांना कधी बोलू नका. ते जगायचे न्हाईत."

मंडळी, चौदा वर्षं! एक वाक्य बोलला असता तर हैबती सुटला असता. नाही बोलला.

त्यानंतर बिरबा दर बाजारी त्याच होडीनं जायचा. मी पाहिलंय दोघांना. बिरबा एकदा माझ्या वडिलांना म्हणाला, "साळू रोज आठवते. पण आता एकलीच येती, संगं भांडण आणत न्हाई."

आता तुम्ही. ज्याचं नाव निघालं की तुमच्या कपाळाची शीर उठते, तो माणूस डोळ्यांपुढं आणा. आला? मलाही आला. उद्या त्याच्या दारावरून जाल, तेव्हा एवढंच मनात धरा — तो तुमच्यासाठी काय गिळून बसलाय, हे तुम्हाला ठाऊक नाही.

आज शेवटी गजर नको. घटकाभर डोळे मिटून बसू. मी चिपळ्या खाली ठेवतो.