शनी कुठे पळून चालला होता?

— शनी कुठे पळून चालला होता का, सी मफद्दल? उद्या दिसला असता, परवा दिसला असता!

— आवाज खाली, तौदा. मी संचालक आहे या वेधशाळेचा. आणि हाज बूसल्हाम काल आला होता, उद्या नाही. नातवंडांना घेऊन माराकेशहून एवढा घाट चढून आला बिचारा. नवा घुमट तोच बांधून देणार आहे. त्याला काय सांगू, दुर्बीण रिकामी नाही?

— हो, अगदी तेच सांगायचं! चिलीच्या वेधशाळेहून तातडीचा निरोप होता. रात्रपाळीच्या इद्देरनं तुमच्या हातात दिला. तुम्ही म्हणालात, थांबू दे तौदाला.

— थोडा वेळ म्हटलं. पोरांनी कडी पाहिली, चहा झाला...

— तुमचा चहा झाला आणि माझा ग्रह गेला! तो काय कुठल्या सूर्याभोवती फिरतोय, फेरी मारून परत यायला? घरातून हाकललेला, अंधारात भटकणारा. एखाद्या ताऱ्यापुढून गेला की त्याच्या ओढीनं त्या ताऱ्याचा उजेड भिंगातून यावा तसा काही तास वाढतो, तेवढाच त्याचा माग. मग संपलं. कायमचं.

— चिलीवाल्यांनी पाहिला ना पण?

— एकट्यांनी पाहून काय उपयोग? पृथ्वीच्या दोन टोकांवरून एकाच वेळी पाहिलं तर वजन कळतं. जड निघाला तर नुसता वायूचा गोळा. पृथ्वीएवढा निघाला, वर हवेची जाड दुलई असली, तर सूर्य नसतानाही पोटातल्या उबेवर समुद्र टिकतो. जीवसुद्धा असू शकतो. इतकी वर्षं याच एका रात्रीची वाट पाहत होते हो मी!

— हाजला फार आवडलं ते. म्हणाला, हमामच्या भट्टीतल्या गरम राखेत मडकं पुरून ठेवलं की मटणाची तंजिया जाळाशिवाय शिजते, तसंच की!

— तुम्ही त्याला सांगून बसलात?

— सांगितलं. आमच्या तौदानं जीव राहील असा ग्रह शोधलाय म्हटलं. आता लेख तसाच लिही. पृथ्वीएवढा, राहण्याजोगा. घुमट होईल, तुझी नोकरी कायम होईल. नाहीतर उन्हाळ्यानंतर तुला इथं ठेवणं मला जमायचं नाही.

— धमकी देताय?

— व्यवहार सांगतोय, पोरी. तुला खोटं पाडायला तिथं कोण जाणार आहे?

— कोणीच नाही, सी मफद्दल. म्हणून तर लिहिता येत नाही.