रुतिकाच्या वहीतला तिसरा रकाना

नको नको मॅडम, ती कोलंबी ठेवा खाली, ती कालची हाय — तुमच्याशी खोटं नाय बोलनार, बाकीच्यांचं बघू — ही घ्या, आत्ता होडीतनं उतरलीय. आन बसा जरा, त्या क्रेटवर बसा, ओला नाय तो. शाळा बाराची ना तुमची? मग! मी बायजा, रुतिकाची आजी — तिसरीतली, पुढचे दोन दात पडलेली — हां, तीच! लई बोलते ना? आमच्यावरच गेलीय, काय करनार.

मला एकच सांगायचंय. तुमी पोरांना ते खाडीवरचे दोन धडे दिलेत ना — एक कुन्या बाईनं लिवलाय, एक कुन्या बुवानं. मला वाचता येत नाय, पन रुतिकानं काल मोठ्यानं वाचून दाखवले, दोनदा. ती बाई बोलते, तिवरांच्या झाडीत पाय घालू नका, खाडीला तिची तिला राहू द्या, लांबनं बघा. बुवा बोलतो, जो खाडीचं खातो तोच तिला जपतो. मी लगेच बोलले, लिव — बाई चुकली, बुवा बरोबर! लांबनं बघून कुनाचं पोट भरलंय? तर ही चिमुरडी मला काय बोलते, “आजी, कोन चुकलं ते मॅडमनी इचारलंच नाय. कोन काय बोलतं आन ते आपन कशावरून सांगतो, ते लिवायचंय.” कशावरून! जशी काय वकीलबाई. दोन रकाने आखले, धड्यातल्या ओळी शोधून शोधून लिवल्या. आन शेवटी बोलते, दोघांचं एक जुळतं — दोघांनाबी खाडी उद्याला शिल्लक पायजे. आता मला सांगा, मी साठ वर्षं ह्या दिवाळे गावात काढली, मला सुचलं हे? नाय सुचलं.

मग तिनं तिसरा रकाना आखला आन वर माझं नाव घातलं. अगं बाई, मी अशी फुगले! सांगितलं तिला, लिव — आमच्या सासूबाईंनी घालून दिलेलं हाय, पोटाखाली अंडी धरलेली चिंबोरी जाळ्यात आली तर परत पान्यात सोडायची, विकायची नाय. ती मान खाली घालून लिवत बसली. मी काय, लेखिकाच झाले ना! आज सकाळी वही घेऊन आले इथं, सुनेला — सुचिताला — ह्याच ओट्यावर उभी केली, बोलले वाच मोठ्यानं, ऐकू दे सगळ्या बायांना. सुचिता वाचते, ‘माझी आजी बोलते, अंडीवाली चिंबोरी पान्यात सोडावी.’ वा! आन त्याच्या खाली — ‘पन ती विकते. कशावरून? रविवारी मी बघितलं.’

ती शेजारच्या ओट्यावरची गोजरा अजून हसतेय बघा. हस गं, हस! मासे खाली पडतील तुझे.

तर मॅडम, शनिवारी पालक येनार, वह्या भिंतीवर लागनार — तेवढा तिसरा रकाना पुसायला सांगा तिला. दोनच लेखक होते ना धड्यात? मग तिसरा कशाला? कोलंबी अशीच न्या, पैशे नको — अवो लाच कसली, प्रेमानं देते... बरं, ठेवा पैशे. पन माझं ऐका तरी. मी काय रोज विकते? ते सेक्टरमधल्या बिल्डिंगीतले एक साहेब येतात, त्यांना तसलीच लागते, नाय दिली तर पुढच्या ओट्यावर जातील. एकदाच दिली — म्हनजे, महिन्यातनं एकदा — दोन वर्षं झाली असतील. आन पोरगी रविवारपासनं माझ्या हातच्या चिंबोरीच्या कालवनाला शिवत नाय. ‘भूक नाय आजी.’ मला वाटलं पोट बिघडलं, ओवा चोळला पोटाला! काय बोलली नाय मला. वहीतच लिवलं. लई लागलं वो ते मला.

काय? ही गोनी? काय नाय तिच्याखाली, बर्फ हाय... नाय, बर्फ असा हलत नाय, खरं हाय. असं बघू नका माझ्याकडं. चार हायेत. अंड्यांनी भरलेल्या. साहेब अकराला येतात.

पुसायला सांगितलं तर पुसंल ती, शहानी हाय. पन तिनं बघितलंय ते कसं पुसनार, आं?

ते बघा, आलेच. — या साहेब! पापलेट घ्या, बोंबील घ्या... चिंबोरी नाय. संपली. — थांबा, खोटं बोलले. हायेत चार, गोनीखाली हायेत, पन द्यायच्या नायत. नाय म्हनजे नाय. जावा पुढच्या ओट्यावर जायचं तर.

मॅडम, तुमी उठा आता, तुमची कोलंबी घ्या. रकाना राहू दे तसाच. पावनेबाराला रुतिका इथनंच शाळेला जाते, तिला घेऊन जेटीवर जाते मी, तिच्यासमोरच सोडते चारी. आज पोरीला पाच मिनटं उशीर होईल, ओरडू नका तिला.