कीली का किल्ली

आम्ही मूळचे बेळगुंदीचे, सीमाभागातले. बटाटा, रताळी, भात, हेच्यातच वाढलेलो. आप्पा म्हणायचे, हे पोरगं खुरपं धरलं की तण ऱ्हातंय आणि रोप उपटतंय, हेला रानातनं लांब ठेवा. म्हणून उद्यमबागेत फौंड्रीत घातलं, तिथं पायावर साचा पाडून घेतला, मग वायरमनच्या हाताखाली गेलो, आणि तिथनं ह्या कॅमेऱ्याच्या धंद्यात आलो. काय सांगू तुम्हाला, जिथनं जिथनं हाकललं तिथनं फुडं सरकत आलोय, लोक त्येला प्रगती म्हणतात.

तर ते खानापूर रोडचं मोठं संकुल. खाली दुकानं, मधी हापिसं, वर फ्लॅट. आमच्या कंपनीचं काम म्हंजे कॅमेरे, चेहरा बघून उघडणारी दारं, गाडीचा नंबर वाचून वर जाणारा गेटचा दांडा, आगीचा भोंगा, आणि हे सगळं एका खोलीत एका पडद्यावर आणून जोडायचं. संकुलाचा मालक येईल त्येला सांगायचा, हे एकदा चालू झालं की वॉचमन नकोत, एखादा ठेवू सलाम ठोकायला. आणि त्या वॉचमनांत आमचे दाजी हुते. माझ्या सख्ख्या आक्काचा नवरा. बोला आता.

आक्कानं माझ्याशी बोलणंच टाकलं. खासबागला तिच्या घरी गेलो तर दारातनंच म्हणाली, काय रं, आमच्या चुलीलाबी वायर जोडायला आलाईस व्हय. दाजी तर गेटवर रोज माझी पिशवी उलटी करायचे, डबा उघडून भाजीत चमचा फिरवून बघायचे. मी म्हटलं, दाजी, मी न्हाय जोडलं तर दुसरा कोणतरी जोडंलच की. तर म्हणाले, मग जोडू दे की दुसऱ्याला, त्येला मला मोकळेपणानं शिव्या तरी घालता येतील. मी आपला भिंतीला भोकं पाडत बसायचो, आणि राग भिंतीवर काढल्यामुळं भोकं जरा मोठीच पडायची.

वर आमचा इंजिनियर. धारवाडकडचा. त्येला मराठी चांगलं यायचं, पण माझ्याशी मुद्दाम कन्नडच बोलायचा, आणि मी मुद्दाम मराठीतच उत्तर द्यायचो. दोघांनाबी दोन्ही कळायचं, नमतं घ्यायचं कोणी हाच प्रश्न. मी कामावरच्या पोरांना सांगायचो, अरे माझं कन्नड म्हंजे, हुबळीचा माणूससुद्धा फसंल. फसायचं कोणी हुतं ते फुडं ऐका.

काम ताब्यात द्यायचा दिवस. मालक आलेला, पाहुणे, फ्लॅटवाले, सगळे नटून खाली उभे. मी एकटा वर पडद्याच्या खोलीत, कानाला वॉकीटॉकी. तिथं भिंतीला किल्ली घालायची एक जागा हुती. आग लागली तर किल्ली घालून फिरवायची, म्हंजे सगळी दारं सुटतात, माणसं आत अडकत न्हाईत. ती किल्ली माझ्या हातात, घामानं भिजलेली. आणि इंजिनियर खालनं म्हणाला, एल्ला बागला कीली हाक.

म्हंजे सगळ्या दारांना कुलूप घाल. कन्नडात कीली म्हंजे कुलूप, हाक म्हंजे घाल, खासबागचं शेंबडं पोरगंबी सांगंल. पण हातात किल्ली असली की माणसाला किल्लीच ऐकू येती. मी घातली आणि फिरवली.

फटाफट सगळी दारं सुटली. भोंगा सुरू झाला. गेटचा दांडा वर गेला, आणि शेजारच्या पडीक रानातली एक म्हैस, जी रोज दांड्याबाहेर उभी राहून आत बघत बसायची, ती शांतपणानं आत आली. हिरवळ तुडवत सरळ दागिन्यांच्या दुकानाकडं. पाहुणे खांबामागं. इंजिनियर बोंबलतोय, कीली हाक, कीली हाक, आणि मी ती किल्ली आणखी जोरात पिळतोय, शेवटी मोडली आतच. पडद्यावर म्हैस लई झकास दिसत हुती, शिंगावरची माशीसुद्धा दिसत हुती, पण तिला बाहेर काढील असा एकबी कॅमेरा मी बसवला न्हवता. गेटवर दाजींना त्या आरडाओरड्यातलं फक्त हाक एवढंच ऐकू आलं, आणि बेळगुंदीच्या जावयाला हाक म्हंजे काय ते शिकवावं लागत न्हाय. काठी घेऊन आले, दुकानाच्या पायरीवरनं म्हैस फिरवली आणि ह्यॅक ह्यॅक करत बाहेर काढली.

मालकानं घाम पुसला आणि म्हणाला, वॉचमन राहू देत सगळे.

इंजिनियरनं मला सगळ्यांसमोर गद्दार म्हटलं, मेव्हण्यासाठी केलंस म्हणाला. कामावरनं काढलं मात्र न्हाय, दुरुस्तीला बोलणी खायाला कोणतरी लागतंच. आणि आक्कानं जेवायला बोलावलं. ताट वाढलं, पोळीवर तूप सोडलं, आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, भाऊ म्हणून भावाचं काम केलंस बघ. मी गप्प बसायला पाहिजे हुतं का न्हाय, तुम्हीच सांगा. पण पहिला घास घेतला आणि हसत म्हटलं, अगं कसलं काम, मला कन्नड नीट ऐकू आलं न्हाय.

ताट तसंच आत गेलं.

आता देखभालीला जातो. दाराच्या यंत्रात माझा चेहरा मीच भरलेला, दार मला बघून उघडतंय. पण दाजी त्या दारात काठी आडवी धरतात, पिशवी उलटी करतात, आणि रोज तेच विचारतात, काय रं, आज कीली का किल्ली. मी म्हणतो, दाजी, तुमची नोकरी हाय न्हवं, मग झालं. ते म्हणतात, हाय, पण ती म्हशीनं ठेवली, तू न्हाय.