कालव्याच्या भरावावरून सुमंगला दिसेनाशी झाल्याबाबत

जबाब
दि. २२ जानेवारी १९८४, रविवार

नाव: हेमा दिनकरराव पाठक. वय: २४ वर्षे. धंदा: नोकरी, अनुरेखक, पाटबंधारे खाते. कालव्यांचे व बांधकामांचे नकाशे काढणे हे माझे काम आहे. राहणार: परभणी, वडिलांच्या घरी.

ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, घडलेली हकीकत अशी:

१. शुक्रवार दि. २० रोजी सकाळी मी व माझी मैत्रीण सुमंगला बन्सीधर जिंतूरकर, वय २५, महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक, अशा दोघी परभणीहून आपापल्या सायकलींवर निघालो.

२. पेडगावच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आम्ही येलदरी धरणाच्या पाण्यावरच्या शाखा कालव्याच्या भरावावर चढलो व पाणी जाते त्या दिशेने निघालो.

३. दुपारी सुमंगलाच्या सायकलची चैन उतरली. ती थांबली. मी पुढे गेले.

४. ती पुढे आली नाही.

५. मी मागे गेले. सायकल होती. सुमंगला नव्हती.

आता सविस्तर सांगते.

कशासाठी गेलात, असे जबाब घेणाऱ्या जमादारांनी मला तीनदा विचारले. फिरायला, असे मी तिन्ही वेळा सांगितले. "फिरायला म्हंजे? काम काय व्हतं?" काम नव्हते. "बंद चालू हाय, यष्टी बंद हाय, आन् दोन बायका सायकलवर कशाला फिरायलात?" बंद होता म्हणूनच गेलो. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून जिल्ह्यात बंद होता, कचेरी व महाविद्यालय दोन्ही उघडणार नव्हते. एरवीही सुटीच्या दिवशी आम्ही अशाच वाटांनी जातो. भरावावर ट्रक येत नाही, मोटार येत नाही, कोणी मागून शीळ घालत नाही. शेवटचे वाक्य गाळावे असे जमादारांनी सुचवले. ते ठेवावे असे मी सांगितले.

त्या दिवशी कालव्याचे शेवटचे टोक पाहायचे ठरले होते. नकाशावर ते मी स्वतः काढलेले आहे. प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते.

पाणी सोडण्याच्या फाटकापाशी पाटकरी मुंजाजी यांची चौकी आहे. ते बाहेर बसले होते. कुठे निघालात, असे त्यांनी विचारले. कालवा संपतो तिथपर्यंत, असे सुमंगलाने सांगितले. मुंजाजी म्हणाले, "तिथं पानी बी पोचत न्हाई बाई. तुमी पोचून काय करताव?" सुमंगला म्हणाली, "काका, पाणी आळशी हाय. आमी न्हाई." ते हसले.

चौकीच्या पुढे आम्हाला माणूस भेटला नाही. गहू व करडई उभी होती. वीज नसल्याने विहिरींवरच्या मोटारी बंद होत्या. एका शेतात सरीत खुरपे टोचलेले होते, शेजारी गवताने अर्धी भरलेली पाटी होती. खुरपणारी बाई दिसली नाही. टायरखालच्या मुरमाचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हते. पाखरेही नव्हती. वाट अरुंद असल्याने मी पुढे व सुमंगला मागे होती. मी न वळता मागे कोणी आहे हे कळावे म्हणून ती अधूनमधून घंटी वाजवते, अशी आमची पद्धत आहे. एकदा ती मागून म्हणाली, "हेमा, तुझी सायकल लय कुरकुरायलीय, तिला खोबरेल पाज." थोड्या वेळाने म्हणाली, "आवाज गेला बघ सगळा. कानात कापूस घातल्यावानी वाटायलंय." त्यानंतर ती घंटी जास्त वेळा वाजवू लागली.

चैन उतरली ती जागा एका मोरीजवळ आहे. मी थांबते म्हणाले. ती म्हणाली, "तू कशाला हात काळे करतीस? पुढं हो, सावली धर. मी आलेच." मी सुमारे तीनशे मीटर पुढे जाऊन भरावाच्या बाहेरच्या उतारावर, बाभळीखाली बसले. तिथून कालव्याचे पाणी दिसत नाही. आतल्या काठाला बेशरमाची दाट झाडी आहे.

सुमारे वीस मिनिटांनी मला हाक ऐकू आली. "हेमा." आवाज सुमंगलाचा होता. त्याबद्दल मला शंका नाही. आवाजात घाई नव्हती. स्वयंपाकघरातून हाक मारावी तसा होता. पण तो मागून, मोरीकडून आला नाही. तो पुढून, पाणी जाते त्या बाजूने आला. सुमंगला मला ओलांडून पुढे गेलेली नव्हती. वाट माझ्या डोक्याच्या वर, दहा हातांवर होती आणि सायकल गेली असती तर मुरूम वाजला असता.

थोड्या वेळाने दुसऱ्यांदा हाक आली. आणखी पुढून.

मी ओ दिली नाही. कारण विचारल्यावरून सांगते की, भरदुपारी ओसाड जागी नावाने हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरे जे असते ते मारत नाही. मी पदविका घेतलेली आहे व अशा गोष्टी मानत नाही. तरी मी ओ दिली नाही. तिसऱ्या हाकेची वाट पाहत बसले. ती आली नाही.

नंतर मी सायकल घेऊन मोरीपाशी गेले. सुमंगलाची सायकल स्टँडवर उभी होती. चैन चढवलेली होती. सायकलला कुलूप होते, किल्ली नव्हती. कॅरियरवरच्या पिशवीवर तिचा चष्मा घडी करून ठेवलेला होता. काठावर चपला नव्हत्या. मी पुष्कळ हाका मारल्या. तीनपेक्षा जास्त.

मग मदतीसाठी मुंजाजींच्या चौकीकडे गेले. मला पाहून ते उठून उभे राहिले. म्हणाले, "आत्ता तर दोघी माघारी गेलाव की." मी म्हणाले, मी आत्ता येत आहे, एकटी आहे. ते म्हणाले, "म्या डोळ्यानं बघितलं. दोघी व्हत्या, सायकली हातात धरून चालल्या व्हत्या. म्या हाक मारली, तुमी वळून बी बघितलं न्हाई." मी एकटीच आहे असे पुन्हा सांगितले. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिले व विचारले, "मंग ह्या कोन?" मी वळून पाहिले. भराव रिकामा होता. मुंजाजी दारू पीत नाहीत, हे मी चौकशी करून सांगत आहे. त्यांच्या बोलण्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. ते जसे बोलले तसे लिहून घ्यावे.

दोन दिवस काठाने शोध झाला. काही मिळाले नाही. जमादारांचे म्हणणे असे की सायकलला कुलूप लावून गेलेली बाई बुडत नसते. "कुनाच्या तरी मागं गेली असंल. आठ दिसांनी पत्र येतंय बघा." तिची कोणाशी ओळख होती का, हे मला विचारण्यात आले. नव्हती. शिवाय चष्म्याशिवाय तिला समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. दूर जाणारी बाई चष्मा ठेवून जात नाही. काळे हात व तोंड धुणारी बाई चष्मा काढून ठेवते. सायकलला कुलूप ती आपल्या अंगणातसुद्धा लावते.

कालव्याच्या आतल्या उतारावर शेवाळ आहे. पाणी छातीच्या वर आहे. त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर आहे. मोरीपासून बाभळीपर्यंत तीनशे मीटर. पाण्याला हे अंतर कापायला दहा मिनिटे लागतात; त्याआधीची चैन चढवण्यात व हात धुण्यात गेली. पहिली हाक पुढून का आली व दुसरी आणखी पुढून का आली, याचा हिशेब यावरून लागतो. मला याहून दुसरा लागत नाही.

काल सायंकाळी सुमंगलाची आई कस्तुराबाई ठाण्याच्या ओट्यावर बसलेल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावून विचारले, "तिनं हाक मारली व्हती का गं?" मी हो म्हणाले. "किती?" दोन. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मंग ती माझी सुमी नव्हती. ओ दिली न्हाईस, लय बरं केलंस बाय. माझी लेक कुठं तरी हाय." पाण्याच्या वेगाबद्दल मी त्यांना सांगितले नाही. हा जबाब त्यांना वाचून दाखवू नये.

बाभळीच्या पुढे पाऊण किलोमीटरवर कालवा एका नाल्याखालून बंद मोरीतून जातो. पाणी एका तोंडाने खाली जाते व नाल्यापलीकडे वर येते. मधला भाग पूर्ण भरलेला असतो. पाण्याबरोबर आलेले काहीही तिथे अडकू शकते. त्या मोरीचा नकाशा मी काढलेला असून त्याची एक प्रत या जबाबासोबत देत आहे. पाणी बंद केल्याशिवाय आत पाहता येत नाही, म्हणून आजवर कोणी पाहिलेले नाही. जमादार म्हणाले, "गव्हाला पान्याची पाळी चालू हाय. पानी तोडलं तर समदी गावं इथं येतील." एक दिवस पाणी थांबल्याने गहू जळत नाही. पाळीचे वेळापत्रक मला माहीत आहे.

सुमंगला तिथे नसेल तर कस्तुराबाईंचे म्हणणे खरे धरण्यास माझी हरकत नाही.

वर लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. दोन ठिकाणी मी दुरुस्ती करून घेतली. आता ते मी बोलले तसेच आहे. सही करत आहे.

माझी विनंती अशी की मुंजाजींच्या चौकीजवळचे फाटक एक दिवस बंद करून नाल्याखालची मोरी माझ्यासमक्ष पाहावी. फाटक बंद होणार की नाही, ते मंगळवार दि. २४ जानेवारीपर्यंत मला घरच्या पत्त्यावर लेखी कळवावे.