दोन चौकटी कंस

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची भाची बसली होती. तिच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"मामा, आठवडाभर लिहीत होतास ना? मग विकिपीडियाच्या पानावर काहीच कसं नाही?"

"असं कसं होईल? नीट बघ. बंद पडलेल्या आमच्या प्रवासी लाँचचं सगळं लिहिलंय. कुठल्या धक्क्यावर कशी शिट्टी द्यायची, तेसुद्धा."

"सुरुवात कशी करायचास?"

"तूच शिकवलंस की! माउसचा बाण दिसत नाही, तर दोन चौकटी कंस टाईप करायचे, लिंक होते. मी पहिल्या धक्क्याच्या नावाआधीच कंस टाकायचो."

"अरे, नव्या एडिटरमध्ये कंस टाकले की एक छोटी खिडकी उघडते. त्यात नाव लिहून एंटर मारायचं, मग ती मिटते."

"एंटर कशाला? मी आपला सरळ पुढे लिहीत सुटलो."

"त्या खिडकीतच?"

"मला कुठे दिसतेय खिडकी! लिहून झालं की एस्केप दाबायचो आणि सेव्ह करायचो."

"एस्केपने तर ती खिडकी आतल्या मजकुरासकट..."

"गेलं का गं सगळं? बाकीचे खलाशी तर कधीच गेले. आणि मला परत आठवेल असं वाटत नाही."

"नाही रे, मामा. सापडलं. आहे इथे."

"हुश्श! मग वाच ना. शिट्ट्यांचं तेवढं वाच."

तिने लॅपटॉप हळूच मिटला.

"वाच की."

"थांब, मामा. आपला नंबर पुकारला."

नंबर माझा होता. मी जागचा उठलो नाही.